ट्रेतली रोपं पिवळी पडली, चुना टाकू का?

वरुड भागातल्या एका मिरची रोपवाटिकेतून आलेला प्रश्न: "साहेब, यंदा कोकोपीटऐवजी (नारळाच्या काथ्याचा भुसा) पीट मॉसचं (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) तयार मिश्रण आणलं. पिशवीवर सामू (पीएच; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ५.५ ते ६ लिहिलाय. वीस-बावीस दिवस रोपं झकास होती, आता शेंड्याची पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्याच. शेजारचे म्हणतात पीट आंबट असतं, चुना टाक. टाकू का? पाणी बोअरचं आहे."

भाऊ, चुना अजिबात टाकू नका. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. चुनखडीच्या जमिनीतल्या संत्र्यावर तुमच्याकडे हेच दिसतं. मिश्रणात लोह नसतं असं नाही, पण सामू साडेसहाच्या वर चढला की ते मुळांना उचलता येत नाही. तुमच्या ट्रेतला आंबटपणा आधीच उतरलेला दिसतो, त्यात चुना पडला तर उरलंसुरलं लोहही अडकेल.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कच्च्या पीटचा सामू साधारण ३.५ ते ४.५ असतो. पण तयार मिश्रणात कंपनीने डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) आधीच घातलेलं असतं, म्हणून तर पिशवीवर ५.५ ते ६ लिहिता येतं. आणि तो आकडा पिशवी फोडली त्या दिवसापुरता. पुढचा महिना-सव्वा महिना सामू कुठे जाणार हे तुमचं पाणी आणि तुमचं खत ठरवतं. वावरातल्या काळ्या मातीत चार-दोन पाळ्या पाणी इकडचं तिकडचं झालं तरी सामू हलत नाही. प्रो-ट्रेच्या एका कपात मिश्रण असतं जेमतेम पंचवीस-तीस मिली, ते पंधरा दिवसांत बदलतं.

आता पाण्याचा हिशोब बघा. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि ते चुन्यासारखंच काम करतात. समजा तुमच्या पाण्याची विम्लता (म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, जी मुख्यतः या बायकार्बोनेटमुळे येते), चुनखडीच्या हिशोबाने, लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे. मे महिन्याच्या उन्हात ९८ कपांच्या एका ट्रेला रोप तयार होईपर्यंत २० लिटर पाणी गेलं असं धरा. म्हणजे ६ ग्रॅम चुनखडी तुम्ही झारीनेच टाकली, आणि ट्रेत मिश्रण आहे अडीच-तीन लिटर. कच्चं पीट सुधारायला लिटरला ३ ते ६ ग्रॅम डोलोमाइट लागतं. थोडं पाणी खालून निथळून जातं हे खरं, तरी न मागितलेला चुना किती पडला ते लक्षात येईल. ऊन जितकं जास्त तितकं पाणी जास्त, आणि पाण्याबरोबर चुनाही जास्त.

इथे एक गफलत नेहमी होते. पाण्याचा सामू मोजला, साडेसात आला, ठीक आहे म्हणून सोडून दिलं. दोन विहिरींच्या पाण्याचा सामू साडेसातच असेल, पण एकीत विम्लता १०० आणि दुसरीत ३५० असू शकते. म्हणून नमुना प्रयोगशाळेत द्याल तेव्हा बायकार्बोनेटचा आकडा मागून घ्या. अहवालात तो मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आला तर ५० ने गुणा. ट्रेतल्या रोपांना १०० पर्यंत चालतं, १५० च्या पुढे त्रास सुरू होतो, आणि ३०० ला नुसत्या खताने भागत नाही, आम्ल वापरावं लागतं.

आम्ल म्हटलं की दुकानदार फॉस्फोरिक पुढे करतात. ३०० ची विम्लता ७५ वर आणायला ८५ टक्क्यांचं फॉस्फोरिक हजार लिटरला सुमारे ३०० मिली लागेल. त्यातून स्फुरद इतका जातो की रोपं लांबट आणि किरकोळ होतात. विम्लता थोडीच जास्त असेल तर फॉस्फोरिक ठीक. एवढ्या जड पाण्याला मी नायट्रिक सांगतो: ६० टक्क्यांचं असेल तर हजार लिटरला साडेतीनशे मिलीच्या आसपास, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला ७० मिली. सुरुवात ५० मिलीने करा, काठीने ढवळा, थोड्या वेळाने मोजा आणि सामू ६ च्या जरा खाली येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. या आम्लातून लिटरला साठेक मिलिग्रॅम नत्रही मिळतं, ते खतातून वजा करा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा लावा, वाफ नाकात जाऊ देऊ नका, आणि बाटली घरात ठेवू नका. बॅटरीचं आम्ल या कामाला वापरायचं नाही.

पिवळ्या पडलेल्या रोपांना आत्ता लागतं लोह. दुकानात बहुतेक ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूत धरून विरघळलेलं ठेवलेलं) मिळतं, ते साडेसहाच्या वर टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचं मागा. महाग आहे, पण लागतं थोडं: १० लिटर पाण्याला ३ ते ४ ग्रॅम, मुळाशी. पानांवर उडालं तर लगेच साध्या पाण्याने धुवा, डाग पडतात. आठवडाभरात नवी पानं हिरवी यायला हवीत. जुनी पिवळी पानं तशीच राहिली तर घाबरू नका.

हे करण्याआधी ट्रेतला सामू एकदा मोजाच. पाच-सहा कपांतलं मिश्रण काढा, त्याच्या दुप्पट मापाचं डिस्टिल्ड वॉटर घाला (बॅटरीच्या दुकानात मिळतं), ढवळून अर्धा तास ठेवा आणि मीटर बुडवा. मीटर आधी ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून घ्या. न जुळवलेल्या मीटरपेक्षा मीटर नसलेला बरा.

दुसरा प्रश्न नेहमीचा: "खत कोणतं द्यायचं? दुकानदार १९:१९:१९ देतो, तेच पुरेल का?"

पाणी जड असेल तर बऱ्यापैकी पुरेल. गोणीची मागची बाजू वाचा. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद आणि पोटॅश प्रत्येकी १९ टक्के. त्या १९ टक्के नत्रापैकी नायट्रेट फक्त ४ टक्क्यांच्या घरात असतं, बाकी अमोनिअम आणि युरिया. मुळं अमोनिअम उचलतात तेव्हा बाहेर आम्ल सोडतात, आणि मिश्रणातले जिवाणू अमोनिअमचं नायट्रेट करतात तेव्हाही आम्ल तयार होतं. युरियाचंही शेवटी अमोनिअमच होतं. म्हणून १९:१९:१९ किंवा १२:६१:०० हळूहळू सामू उतरवतात. कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ मध्ये नत्र जवळपास सगळं नायट्रेटचं, ते सामू चढवतात. जड पाण्याला पहिल्या गटातलं खत, हलक्या पाण्याला दुसऱ्या गटातलं, एवढं धरून चाललात तरी निम्मं काम झालं. मात्रा म्हणाल तर १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, त्यातून साधारण ९५ मिलिग्रॅम नत्र जातं. दोन खरी पानं फुटेपर्यंत त्याच्या निम्मंच द्या. नायट्रिकची प्रक्रिया केलेलं पाणी असेल तर पुढेही निम्म्यावरच थांबा. मूठभर साधा युरिया टाकीत टाकण्याची सवय मात्र सोडा. थंडीत, रात्री गार असताना, त्याचं नायट्रेट वेळेवर होत नाही आणि साठलेल्या अमोनिअमने मुळांची टोकं जळतात. डीएपीचे दाणे मिश्रणात मिसळू नका. आणि कॅल्शियम नायट्रेट स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर एकाच घट्ट द्रावणात कधीच घालू नका, तळाशी पांढरा साका बसतो आणि ठिबकचे ड्रिपर बंद होतात.

आता याच्या उलटं उदाहरण. दसरा-दिवाळीच्या झेंडूची रोपं करणाऱ्या भंडारा जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "पावसाळ्यात शेततळ्याचं पाणी वापरलं, खत तेच १९:१९:१९. खालच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके आले. करपा समजून दोनदा फवारलं, फरक नाही."

ताई, बुरशीनाशकावरचा खर्च आता थांबवा. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट नसल्यासारखेच असतात, त्यामुळे खताने तयार होणाऱ्या आम्लाला अडवणारं काही उरत नाही. सामू साडेपाचाच्या खाली घसरला की लोह आणि मँगनीज गरजेपेक्षा जास्त विरघळतात आणि पानांत साठतात. झेंडू याला फार हळवा, मिरचीवर कदाचित काही दिसलंही नसतं. मे महिन्यात बोअरच्या पाण्याला जे खत आधार देतं, तेच श्रावणात रोपं बिघडवतं. आधी वर सांगितल्याप्रमाणे सामू मोजा. ५ ते ५.५ असेल तर १९:१९:१९ बंद करून एका वेळेला कॅल्शियम नायट्रेट आणि पुढच्या वेळेला १३:००:४५, दोन्ही लिटरला अर्धा ग्रॅम. मध्ये एकदा मॅग्नेशियम सल्फेट वेगळं द्या, कारण पावसाच्या पाण्यात कॅल्शियम नाही आणि मॅग्नेशियमही नाही. सामू ५ च्याही खाली असेल तर चुन्याची निवळी द्या: १० लिटर पाण्यात १० ते १२ ग्रॅम विरी गेलेला (पाणी घालून विझवलेला) चुना, रात्रभर ठेवून फक्त वरचं स्वच्छ पाणी मुळाशी. पानांवर पडलं तर धुवून टाका. अमोनिअमचं खत त्या दिवशी देऊ नका, नाहीतर अमोनियाचा वायू सुटेल.

म्हणजे चुना कधीच नको असं नाही. स्वतः मिश्रण करणाऱ्यांना तर तो लागतोच. कच्चं पीट घेतलं असेल तर घनमीटरला ३ ते ६ किलो डोलोमाइट, जड पाणी असेल तर ३ च्या बाजूला. पूड मैद्यासारखी बारीक हवी, जाडीभरडी वर्षभर तशीच पडून राहते. मिसळून, ओलं करून आठ-दहा दिवस झाकून ठेवा, सामू मोजा, मगच ट्रे भरा. पीट आणि कोकोपीट एकत्र करत असाल तर डोलोमाइट फक्त पीटच्या भागापुरतं धरा. कोकोपीटचा सामू मुळातच साडेपाच-सहाच्या आसपास असतो. त्याचं दुखणं वेगळं: त्यात सोडियम आणि पोटॅश जास्त असतं, म्हणून धुतलेलं आणि कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया केलेलंच घ्या. राख आणि गांडूळखत दोन्ही सामू चढवतात. गांडूळखत दहा टक्क्यांपर्यंत ठीक, राख नकोच.

माझं मत विचाराल तर मिरची, टोमॅटो, वांग्याच्या रोपांना परदेशातून येणारं पीट घेण्याची गरज नाही. चांगलं धुतलेलं कोकोपीट पुरतं, आणि उरलेले पैसे पाण्याच्या तपासणीवर आणि बऱ्या मीटरवर घाला. जरबेरा किंवा कुंड्यांतली फुलझाडं करणाऱ्यांचं गणित वेगळं.

शेवटचा प्रश्न दर्यापूरकडून: "आमचं खारपाणपट्ट्यातलं पाणी. आम्ल टाकून चालेल का? वावरात जिप्सम टाकतो, तसं ट्रेत टाकू का?"

आम्लाने बायकार्बोनेट जातील, मीठ जाणार नाही. सोडियम तसाच राहील आणि कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतील. जिप्समने कॅल्शियम मिळतं, सामू मात्र फारसा हलत नाही, आणि सुटलेला सोडियम धुवून न्यायला गोडं पाणी लागतंच. तेव्हा रोपांपुरतं तरी पावसाचं पाणी साठवा. एका एकराची मिरची म्हणजे १०० ट्रे, म्हणजे वरच्या हिशोबाने २,००० लिटर. १०० चौरस मीटरच्या पत्र्यावर २५ मिलिमीटरचा एक चांगला पाऊस पडला तर एवढं सहज जमतं. पहिला पाऊस पत्रा धुवायला जाऊ द्या, पुढचा झाकणाच्या टाकीत भरा. आणि त्या पाण्याला खत देताना झेंडूवाल्या ताईंना सांगितलेलं वाचा, मिरचीवाल्या भाऊंना सांगितलेलं नाही.