बोर्डो मारल्यावर पोफळीची फळं डागाळली, ती कशाने?

प्रश्न: श्रीवर्धनजवळ आमची पोफळीची वाडी आहे. मृगाआधी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण) मारून घेतलं. आठवड्यात फळांवर तांबूस ठिपके पडले, कोवळ्या झावळ्यांच्या कडा करपल्या. हा कोळेरोगच (फळं सडवून गाळणारा बुरशीचा रोग) ना? मात्रा वाढवून लगेच पुन्हा मारू का?

उत्तर: मुळीच नको. तुमच्या फोटोंत ठिपके फळाच्या एकाच अंगाला आहेत, ज्या अंगाने नोझल मारलं त्या. फळ घट्ट आहे, गळ नाही. कोळेरोग फळाच्या देठाकडच्या टोपीजवळून सुरू होतो: पाणी मुरल्यासारखा गर्द हिरवा डाग पडतो, मग फळ सडून गळतं आणि खाली पडलेल्या फळावर पांढरी बुरशी येते. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. ही औषधाची भाजणूक आहे.

माझा संशय चुन्यावर. फोनवर तुम्हीच म्हणालात की गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरली. कळीचा चुना हवा लागून भुगा झाला की त्याचा जोर जातो. मग वजनाला तो किलोभर भरला तरी मोरचुदाचा (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) आम्लपणा मरत नाही आणि मोकळं तांबं फळाची साल जाळतं. त्यात आभाळ भरलेलं असलं की मिश्रण वाळायला वेळ लागतो आणि इजा वाढते.

१ टक्का मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो ताजी चुनकळी आणि १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे कालवा, प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडी किंवा जस्ती भांडं नको. चुन्याची निवळी फडक्यातून गाळून थंड होऊ द्या, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि ढवळत राहा. रंग आकाशी यायला हवा. आता कोयता घासून लखलखीत करा आणि पातं त्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. पात्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर मिश्रण अजून आम्ल आहे. थर चढेनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत जा. ही परीक्षा फुकटची आहे, तरी दहा वाड्यांत एखादाच करतो! मिश्रण त्याच दिवशी संपवा. त्यात दुसरं कीटकनाशक घालू नका, चुन्यामुळे बरीच औषधं निकामी होतात.

दुसरी फवारणी पहिलीनंतर ४० ते ४५ दिवसांनी, पावसाने उघडीप दिली की. घड सगळीकडून भिजला पाहिजे. खालून वर उडवलेला फवारा पलीकडच्या फळांपर्यंत पोहोचत नाही. डागाळलेली फळं काढू नका, पिकतील. रोगट फळं मात्र वाडीत कुजू देऊ नका, गोळा करून नष्ट करा.

प्रश्न: दरवर्षी मोरचूद मारून जमीन बिघडते का?

उत्तर: तांबं कुजत नाही, मातीत साठत जातं आणि साठा फार झाला की गांडुळांना बाधतं. म्हणून 'एक फवारणी जास्तीची असू द्या' ही सवय सोडा. उरलेलं मिश्रण आळ्यात किंवा पाटात ओतू नका. मोजून तेवढंच बनवा.

प्रश्न: तेच बोर्डो काजूला चालेल?

उत्तर: फांद्यांवरच्या गुलाबी बुरशीसाठी चालतं. रोगट फांदी खाली निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा, कापावर १० टक्के बोर्डो मलम लावा. १ टक्का फवारणी मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. मोहोर फुलल्यावर नको, त्या वेळी मधमाश्या कामावर असतात.