डिझेल फिल्टर घरीच बदलला तर खरंच किती वाचतात?

हडपसरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. २०१६ ची डिझेल स्विफ्ट, वॉरंटी कधीच संपलेली, रनिंग वर्षाला साधारण १० हजार किमी. सर्व्हिस सेंटरने फ्युएल फिल्टर बदलायचं एस्टिमेट दिलंय ४,४९६ रुपये, ऑनलाइन फिल्टर मिळतोय १,१५० ला, आणि व्हिडिओत एक जण पंधरा मिनिटांत बदलून मोकळा होतो. म्हणजे ३,३०० च्या वर वाचतात, ते एसआयपीत टाकतो, करू का?

दादा, आधी तुम्हीच पाठवलेलं एस्टिमेट नीट बघू. फिल्टर १,९०० टॅक्स धरून, लेबर ८०० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९४४, आणि खाली बारीक अक्षरात ‘फ्युएल सिस्टिम क्लीनिंग’ १,४०० वर जीएसटी म्हणजे १,६५२. हे क्लीनिंग मागितलं कुणी? गाडी धूर सोडत नाही, पिकअप चांगला आहे असं तुम्हीच लिहिलंय ना, मग ते काढून टाका असं अ‍ॅडव्हायजरला फोनवर सांगायचं, संपलं. तुमच्या बचतीतले निम्मे पैसे इथेच वाचले, तेही पाना न उचलता.

राहिला ११५० आणि १९०० मधला फरक. त्यात मी पडणार नाही. डिझेलचा फिल्टर नुसता कचरा अडवत नाही, डिझेलमधलं पाणीही वेगळं करतो, आणि स्वस्त डुप्लिकेट ते किती करतो हे डब्याकडे बघून कळत नाही. कंपनीचाच घ्या, पक्क्या बिलावर. म्हणजे स्वतः हात काळे करून तुम्ही खरोखर वाचवताय ते फक्त लेबरचे ९४४. तुमच्या गाडीला ३० हजार किमीचा हिशोब धरला तर हे तीन वर्षांतून एकदा, महिन्याला पडले २६ रुपये. एसआयपी राहू द्या, एक वडापाव आणि वर कटिंग.

आता दुसरी बाजू. तुमच्या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं) डिझेल हजार बारच्या वर प्रेशरने जातं (टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतं), आणि ते इंजिनात फवारणाऱ्या इंजेक्टरची भोकं केसासारखी बारीक. नवा फिल्टर लवकर भरावा म्हणून लोक कॅनमधलं डिझेल बाहेर जाणाऱ्या तोंडातून ओततात, तिथे पुढे गाळायला काहीच नसतं, कणभर माती गेली की थेट पंप आणि इंजेक्टर. हवा नीट काढली नाही तर गाडी स्टार्टच होत नाही, मग लोक सेल्फ मारत बसतात, बॅटरी उतरते, टोइंगवाल्याला फोन. एका इंजेक्टरचा खर्च १५ हजार धरा. १५ हजाराला ९४४ ने भागलं की कळतं, असं काम सोळा वेळा करून एकदा जरी बिघडलं तरी सगळी बचत गेली, आणि तुम्ही तर पहिल्यांदाच करताय.

पेट्रोल गाडी असती तर एवढं लिहिलंच नसतं, सरळ नाही म्हटलं असतं. बऱ्याच गाड्यांत तो फिल्टर टाकीतल्या पंपाबरोबरच असतो, बंद पार्किंगमध्ये पेट्रोलची वाफ साठली तर एक ठिणगी बास.

मधला रस्ता आहे. फिल्टर तुम्ही स्वतः घ्या, नाना पेठेत किंवा कंपनीच्या पार्ट्स काउंटरवरून, आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला लावायला द्या. तो चारशे घेईल असं तुम्हीच म्हणताय, म्हणजे एकूण २,३००, एस्टिमेटच्या जवळपास निम्म्यात काम झालं आणि बिघडलं तर गाडी त्याच्या दारात उभी. हाताला खाज असेलच तर एसी फिल्टर, एअर फिल्टर, वायपर घरी बदला, तिथे चुकलं तरी इंजेक्टरचं बिल येत नाही.

पण तुमच्या मेलमध्ये जाता जाता एक ओळ आहे, मला खरी ती खटकली. मागच्या वर्षी बंपरच्या ४,८०० च्या कामासाठी विम्याचा क्लेम घेतलात, हातात आले ३,८०० कारण हजार रुपये कम्पल्सरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुमच्या खिशातून जाणारा वाटा. तेव्हा एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ३५ टक्के होता, क्लेम नसता तर रिन्यूअलला ४५ आणि मग ५० झाला असता, आता शून्यावरून २०, २५ असं चढायचं. ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, एनसीबी यावरच मिळतो) ढोबळ ७,००० धरला तर तीन वर्षांत ३,१५०, २,१०० आणि १,७५० असे सात हजार गेले, ३,८०० साठी! पुढच्या वेळी असलं छोटं काम खिशातून करा आणि रिन्यूअल पॉलिसी संपायच्या आधी करा, ९० दिवसांच्या वर गेलात तर साठलेला एनसीबीही जातो.

आणि गॅरेजवाल्याकडून जुना फिल्टर मागून घ्या. त्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून तासभर ठेवायचं, पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो. दिसला तर ३० हजाराची वाट बघू नका, गॅरेजवाल्याला फिल्टरचं पाणी अधूनमधून काढायला सांगा आणि डिझेल दुसऱ्या पेट्रोल पंपावर भरा.