मामा कोरोनात गेले, आईला अजून झोप लागत नाही, छातीत धडधडतं. हा साथीचाच परिणाम का?

असू शकतो. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं. नागपुरात एप्रिल २०२१ मध्ये कितीतरी जणांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही, तेरवीला चार नातेवाईक जमले नाहीत. रडायचं राहून गेलं की दुःख असं अंगावर निघतं. आमच्या शेजारच्या काकू ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकला की आजही हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून दाराशी येतात.

आईला ‘आता विसर’ म्हणू नका, मामांबद्दल बोलू द्या. थायरॉइड, बीपी मात्र आधी तपासा, धडधड त्यानेही होते. मग नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवा. तोवर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.