हजारच कॅलरी खाते, तरी काटा हलून नाही राहिला!

"मॅडम, हजारच्या वर जाऊनच नाही राहिली मी. तरी काटा हलून नाही राहिला. आता किती करू? आठशे?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच वंदनाताईंनी हा प्रश्न विचारला. जूनचा पहिला आठवडा होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्या नागपुरातल्याच मानेवाड्याहून गाडी चालवत आल्या होत्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय ४१, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. सदरला ऑफिसात दिवसभर बैठं काम. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ६.१ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि नोव्हेंबरअखेरीला पुतणीचं लग्न.

'आठशे करू का' हा प्रश्न आहाराचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणी घेऊन येतात की त्यामागचा रस्ता आता मला पाठ झालाय. आधी मोबाइलवर ॲप येतं. ते विचारतं, आठवड्याला किती वजन कमी करायचं? समोर पर्याय असतात: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो. एवढ्या दिवसांचा राग साचलेला असतो, मग बोट आपोआप एक किलोवर पडतं. ॲप १२०० चा आकडा देतं. मग ऑफिसातली कोणी सांगते, मी तर हजारच खाते. झालं, आपणही हजारावर.

पहिल्या दोन आठवड्यांत वंदनाताईंचे तीन किलो उतरले होते. त्याचा त्यांना इतका आनंद झाला की घरी सगळ्यांना सांगितलं. पण ते तीन किलो चरबीचे नव्हते. शरीर पिठूळ पदार्थांपासून बनलेली साखर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि त्या साठ्यातला प्रत्येक ग्रॅम जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून असतो. जेवण एकदम तोडलं की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. पुन्हा दोन दिवस नीट जेवलात की ते परत येतं. तसंच झालं. तीन महिन्यांनी काटा परत ७६ वर. वर कंगव्यात केसांचे गुच्छे, आणि मुलावर विनाकारण ओरडणं.

"माझ्यातच काही दम नाही," त्या म्हणाल्या.

मी त्यांची वही मागितली. सोमवार ते शुक्रवार सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं: सकाळी चहा, एक पोळी, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री वरणाची वाटी आणि काकडी. बेरीज ९८०, १०१०, ९९०. शनिवार-रविवारची पानं कोरी. त्याबद्दल विचारलं तर त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग हळूहळू सांगितलं. शनिवारी सकाळी तर्री-पोहे आणि सोबत आलुबोंडा. दुपारी भरपेट जेवण. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या डब्यातला चिवडा, लाइट न लावता. रविवारी घरी सावजी मटण. आणि सोमवारी सकाळी पुन्हा कडक हजार.

मी रागावले नाही. त्यांना अपेक्षा होती बहुतेक. मी विचारलं, "घरात तेल किती लागतं?"

"जेवढं लागते तेवढं. आम्ही चौघं. पाच लिटरची कॅन आणतो."

"किती दिवस पुरते?"

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. नवऱ्याने किराण्याच्या बिलाची तारीख बघून सांगितलं: महिनाभर, कधी एखादा दिवस कमीच.

कागदावर हिशेब मांडला. पाच लिटर भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस. माणशी रोज सुमारे ४२ मिलिलिटर, वजनात ३८ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या ३४० हून जास्त. थोडं तेल कढईला राहतं, थोडं कोणाच्या वाट्याला कमी येतं, म्हणून आपण ३०० धरू. वहीत मात्र फक्त 'भाजी १ वाटी' होतं. ॲपमधली भाजीची वाटी बिचारी उकडलेलीच असते, तिच्यावर आपली फोडणी कुठून येणार?

मग पूर्ण आठवडा मांडला. पाच दिवस वहीतले १००० आणि तेलाचे ३००, म्हणजे १३०० गुणिले पाच, ६५००. शनिवार-रविवार दोघींनी मिळून अंदाज काढला, रोज २६०० च्या आसपास. दोन दिवसांचे ५२००. एकूण ११७००. भागिले सात: १६७०.

दुसऱ्या बाजूला त्यांच्या शरीराचा खर्च काढला. यासाठी १९९० साली मांडलेलं एक सूत्र आम्ही वापरतो, मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या नावाचं. बायकांसाठी: वजनाचे किलो गुणिले १०, अधिक उंचीचे सेंटिमीटर गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. (पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा न करता ५ मिळवायचे.) वंदनाताईंचे ७६० अधिक ९७५, वजा २०५, वजा १६१, म्हणजे १३६९. एवढं तर शरीराला नुसतं पडून राहायलाही लागतं. श्वास, हृदय, मेंदू, यकृत, सगळं त्यातच. बैठं काम असेल तर याला १.२ ने गुणायचं. आले १६४०.

एकीकडे १६७०, एकीकडे १६४०. काटा हलणार तरी कसा?

वंदनाताई बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, तीन महिने मी उगाचच उपाशी राहिली?"

या वाक्यावर मी घाईने काहीतरी समजूतदार बोलले नाही. कारण ते खरंच होतं. पाच दिवस पोट मारायचं, त्यामुळेच शनिवारी तुटून पडायचं, मग शरमेने सोमवारी आणखी पोट मारायचं. दोष त्यांच्या मनाच्या ताकदीत नव्हता, आकड्यात होता. सुरुवातीच्या वर्षांत मीही येईल तिला १२०० चा छापील कागद देत असे आणि ती परत आली नाही की 'हिला जमलं नाही' असं धरून चालत असे. आज त्या बायकांची आठवण आली की वाईट वाटतं.

त्या दिवशी वंदनाताईंनी अजून एक गोष्ट सांगितली. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत त्या मोबाइलवर रेसिपी बघत. शंकरपाळे, पुडाची वडी, संत्रा बर्फी. करायच्या नसत, नुसत्या बघत. "येड लागलं का मला?" मी त्यांना अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रयोगाबद्दल सांगितलं. ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने, त्यांच्या गरजेच्या जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं होतं. ती मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, चिडचिडी झाली, काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. उपाशी शरीर असंच वागतं, मग ते मिनेसोटातलं असो की मानेवाड्यातलं. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा जरा उतरला.

आता आकड्याकडे येते, कारण तुम्हीही त्यासाठीच वाचत असाल. सूत्राने आलेला खर्च हा अंदाज असतो, तो दीडदोनशेने इकडेतिकडे जाऊ शकतो. त्या खर्चातून ३०० ते ५०० कमी करायचे, आणि तेही सगळे ताटातून नाही, थोडे चालण्यातून. बाईने १२०० च्या खाली आणि पुरुषाने १५०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जायचं नाही. बहुतेकींना तर १२०० पर्यंतही जायची गरज नसते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलामुलींनी हे गणित करायचंच नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टर, कारण जेवण कमी करून औषध तेवढंच ठेवलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पाकिटांवर 'किलोकॅलरी' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती तीच.

वंदनाताईंसाठी १४०० ठरले. २४० ताटातून कमी, आणि रोज चाळीस मिनिटं चालून साधारण १०० ते १३०. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. महिन्याला सव्वा किलोच्या थोडं वर.

"फक्त सव्वा? लग्नाला दहा करायचे होते."

"मागच्या तीन महिन्यांत किती झाले?"

त्या गप्प बसल्या. मला तसं विचारायला आवडलं नाही, पण विचारावं लागलं.

१४०० आपण दिवसाला न बांधता आठवड्याला बांधले: ९८००. रविवारचं मटण त्यांच्या घरात सुटणार नव्हतं, सुटावं असं मला वाटतही नव्हतं. म्हणून रविवारला १८००, आणि बाकी सहा दिवसांना १३३०. सावजीच्या रश्श्यावरची तर्री पळीने बाजूला सारायची, मटणाचे तुकडे पोटभर, सोबत ज्वारीची भाकरी. गुरुवारच्या उपवासाला साबुदाण्याची उसळ असे. त्यांच्या घरच्या एका प्लेटमध्ये साबुदाणा, फल्लीदाणे आणि तेल मिळून ४४० पर्यंत जात होतं, आणि दोन तासांत परत भूक. तिथे अर्धी प्लेट उसळ आणि वाटीभर दही आलं.

सगळ्यात मोठा बदल वरणात झाला. सासूबाईंचं वरण म्हणजे गंजात वर पिवळं पाणी आणि तळाशी डाळ. एका वाटीत जेमतेम पाच ग्रॅम प्रथिनं. भूक आवरायची तर प्रथिनं लागतात, आणि वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणूनही. दिवसाला ६० ग्रॅमचं लक्ष्य ठेवलं. वरण घट्ट, सकाळी मुगाचं धिरडं, चारच्या चहासोबत मूठभर फुटाणे, आठवड्यातून तीनदा अंडी, दोनदा सोयावडी. चहातली साखर दोन चमच्यांवरून एक.

तेलासाठी मी एकच काम दिलं. नवीन कॅन उघडली की तिच्यावर मार्करने तारीख टाकायची, आणि कढईत तेल कॅनमधून ओतायचं नाही, चमच्याने घ्यायचं. सासूबाईंना 'सुनेचं डाएट' म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. 'मुलाचं कोलेस्टेरॉल' म्हटल्यावर चमचा त्यांनी स्वतःच काढून ठेवला.

पहिल्या महिन्यात ९०० ग्रॅम उतरले. दुसऱ्या महिन्यात एक आठवडा काटा उलटा एक किलो वर गेला आणि सकाळी सातला मला फोन आला. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, दुसरं काही नव्हतं. म्हणून मी रोज काट्यावर उभं राहू देत नाही. आठवड्यातून एक वार, सकाळी, रिकाम्या पोटी, आणि चार आठवड्यांची तुलना. तीनचार आठवडे नीट पाळूनही काहीच हललं नाही तरच आकड्याला हात लावायचा, आणि तोही शंभराने.

ऑगस्टच्या झडीत चालणं बंद पडलं, मग घराच्या गच्चीच्या जिन्यावर सुरू झालं. दिवाळीत अर्धा किलो वाढला, आठ दिवसांत गेला.

नोव्हेंबरच्या मध्याला त्या आल्या तेव्हा वजन ७१.५ होतं, कंबर ९० आणि साखरेची सरासरी ५.८. दहा किलो झाले नव्हते. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही उतरतो. नव्या वजनाने सूत्र मांडलं तर बैठ्या दिवसाला १५९० च्या आसपास आले. म्हणजे १४०० वर राहिलं तर आता वेग मंदावणार. जेवण १३०० करायचं की चालणं वाढवायचं, हे मी त्यांच्यावर सोडलं. त्यांनी चालणं निवडलं.

निघताना पर्समधून मोबाइल काढून त्यांनी एक फोटो दाखवला. तेलाची रिकामी कॅन, तिच्यावर मार्करने दोन तारखा, मधे एक्कावन्न दिवस. आणि वही उघडून शनिवारचं पान पुढे केलं. पोहे एक प्लेट, तर्री अर्धी वाटी, आलुबोंडा नाही. सुंदर अक्षरात.

"लग्न झालं की येते मॅडम," त्या म्हणाल्या. "लग्नातलंही लिहून ठेवीन."