'विल' आणि 'टेस्टामेंट': एकाच कागदाला दोन नावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांनी मुंबईतल्या एका सॉलिसिटरकडून करून घेतलेलं इंग्रजी मृत्युपत्र घरात सापडलं. मथळा 'लास्ट विल अँड टेस्टामेंट', आत 'गुड्स अँड चॅटल्स', आणि कलमाकलमाला 'आय गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद'. एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द कशाला? नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर जेत्यांना आणि जितांना, दोघांनाही कळावं म्हणून वकील दोन्ही भाषांतले शब्द लिहू लागले, असं प्रश्नकर्त्याच्या ऐकण्यात आलं आहे. ते खरं का? आणि मराठी भाषांतरात दोन्ही शब्द ठेवायचे का?

ऐकलेलं अर्धं खरं आहे. शब्दांचा साठा तिथूनच आला, पण जोड्या लावण्यामागचं कारण ते नाही. दस्तऐवजांची भाषांतरं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द बघू. 'विल' अस्सल जुन्या इंग्रजीतला, अर्थ इच्छा. 'टेस्टामेंट' मुळात लॅटिन. चर्च आणि फ्रेंच यांच्या वाटेनं इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. 'गुड्स' इंग्रजी, 'चॅटल्स' फ्रेंच; दोन्हींचा अर्थ चीजवस्तू. 'गिव्ह' (देणं) इंग्रजांच्या घरचा, 'डिव्हाइज' (मृत्युपत्रानं देणं) फ्रेंच. 'बिक्वीद' पुन्हा जुन्या इंग्रजीतला, आणि मला या सगळ्यांत तोच सर्वात आवडतो. 'क्वेदन' म्हणजे बोलणं. नॉर्मन येण्याच्या आधी इंग्लंडात माणूस आपल्यामागे कुणाला काय द्यायचं ते साक्षीदारांसमोर तोंडानं सांगत असे. त्याला 'क्विडे' म्हणत, म्हणजे 'बोल'. कागदावर उतरे ती त्या बोलाची नोंद. 'बिक्वीद' म्हणजे बोलून देणं. आजोबांच्या टंकलिखित कागदात हजार वर्षांपूर्वीची ती बोलून देण्याची रीत अजून बसलेली आहे.

आता १०६६. जानेवारीत इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मेहुणा हॅरॉल्ड याला मुकुट चढला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याचं म्हणणं होतं की गादी आपल्याला कबूल केलेली होती. २८ सप्टेंबरला तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला. हॅरॉल्डनं तीनच दिवस आधी उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाचा पराभव केला होता. तिथून तो दक्षिणेला धावत आला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या लढाईत मारला गेला. नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरला विल्यम राजा झाला. पुढच्या वीस वर्षांत जमिनीची मालकीच पालटली. विल्यमनं १०८६ मध्ये करवलेल्या जमिनींच्या 'डूम्सडे' नोंदींत थेट राजाकडून जमीन धरणारे इंग्रज बडे जमीनदार बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले दिसतात. वतनं, मठ, बिशपांच्या गाद्या, सगळीकडे समुद्रापलीकडची माणसं बसली.

यावरून वाटतं की दुसऱ्या दिवसापासून कचेऱ्यांत फ्रेंच सुरू झाली असेल. तसं झालं नाही. १०६७ च्या सुमाराचं विल्यमचं लंडनकरांना दिलेलं एक आज्ञापत्र आजही लंडनमध्ये जपून ठेवलेलं आहे. चर्मपत्राची एक चिंचोळी पट्टी, तळहातावर मावेल एवढी. मजकूर जेमतेम काही ओळींचा, आणि भाषा इंग्रजी. राजा लंडनच्या बिशपला, नगराधिकाऱ्याला आणि शहरातल्या सर्व रहिवाशांना, 'फ्रेंचांना आणि इंग्रजांना', स्नेहपूर्वक नमस्कार कळवतो आणि म्हणतो: 'इक वुल्ले' की प्रत्येक मूल बापाच्या मागे बापाचं वारस व्हावं. 'इक वुल्ले', म्हणजे माझी इच्छा आहे. आजोबांच्या मथळ्यातला 'विल' तो हाच, आणि विषयही वारशाचाच. जेते आणि जित दोघांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात शब्दांच्या दुभाषी जोड्या नाहीत. एकच भाषा आहे. दोघांना कळावं म्हणून दोन शब्द, हे खरं असतं तर त्याची पहिली खूण इथे दिसायला हवी होती.

काही वर्षांतच राजाच्या कचेरीनं इंग्रजी सोडली, पण तिच्या जागी लॅटिन आली. फ्रेंच ही बोलण्याची, दरबाराची, घराण्यांची भाषा होती. कायद्याच्या लेखी भाषेत ती ठळकपणे दिसू लागते ती थेट तेराव्या शतकात, विजयानंतर दोनशे वर्षांनी. आणि इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा खरा लोंढा आला तोही तेव्हाच. १२०४ मध्ये इंग्लंडच्या राजानं नॉर्मंडी गमावली. उमरावांना पलीकडच्या जमिनी सोडाव्या लागल्या आणि त्यांची मुलंनातवंडं हळूहळू इंग्रजीवर आली. येताना रोजच्या व्यवहारातले फ्रेंच शब्द बरोबर घेऊन आली. परकी भाषा राज्य करत होती तेव्हा कमी शब्द आले. तिनं माघार घ्यायला सुरुवात केली तेव्हा भराभर आले. नॉर्मन विजयाबद्दल बोलताना ही गोष्ट बहुतेक वेळा निसटते, म्हणून मुद्दाम सांगितली.

न्यायालयांनी मात्र फ्रेंच सोडली नाही. १३६२ मध्ये कायदा झाला की दाव्यांचं कामकाज इंग्रजीत चालावं, कारण फ्रेंच आता लोकांना फारशी कळत नाही. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. वकील पुढेही आपली टिपणं फ्रेंचमध्येच घेत राहिले, आणि ती फ्रेंच पॅरिसच्या माणसाला कळेना इतकी इंग्रजाळत गेली. १६३१ च्या उन्हाळ्यातली सॉल्सबरीची एक नोंद निकालांच्या एका जुन्या संग्रहाच्या समासात छापली आहे. शिक्षा झालेल्या एका कैद्यानं न्यायमूर्तींवर विटेचा तुकडा भिरकावला. नोंद म्हणते: 'जेक्त अन ब्रिकबॅट अ ल दी जस्टिस क नॅरोली मिस्ट'. सांगाडा फ्रेंच, पण 'विटेचा तुकडा' इंग्रजी आणि 'थोडक्यात हुकला' हेही इंग्रजी. पुढे त्याचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकला आणि कोर्टासमोर त्याला तिथेच फाशी दिलं, हेही त्याच खिचडी भाषेत लिहिलं आहे. ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला शिवाजीमहाराजांच्या सुरुवातीच्या पत्रांचा मायना आठवला: 'अज रख्तखाने राजश्री सिवाजी राजे दामदौलतहू'. लिहिणारा मराठी, वाचणारा मराठी, मजकूर मराठी माणसांचा; पण कागदाला कागदपण येतं ते फारसीनं. इंग्लंडात कायद्याच्या कामकाजाला आणि नोंदींना इंग्रजी सक्तीची झाली ती १७३० च्या कायद्यानं, अंमल १७३३ पासून. आणि १७२६ च्या सनदेनं मुंबईत मेयर्स कोर्ट आलं, ज्याला मृत्युपत्रांचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, देण्याचा अधिकार होता. म्हणजे हा दस्तांचा साचा मुंबईत आला तेव्हा खुद्द लंडनच्या कचेऱ्यांत लॅटिन आणि ती मोडकी फ्रेंच अजून चालू होती.

आता जोड्यांकडे येऊ. दोन भाषिकांसाठी दोन शब्द ही उपपत्ती 'गुड्स अँड चॅटल्स'ला, 'ब्रेकिंग अँड एंटरिंग'ला छान लागू पडते: एक शब्द इंग्रजी, एक फ्रेंच. पण 'नल अँड व्हॉइड' (रद्दबातल) घ्या. दोन्ही फ्रेंचकडून आलेले. 'सीस अँड डिझिस्ट' (थांबणं), 'एड अँड अबेट' (गुन्ह्याला साथ देणं), तेच. उलट 'टु हॅव अँड टु होल्ड' मधले दोन्ही शब्द अस्सल इंग्रजी, आणि ही जोडी नॉर्मनांच्या आधीपासूनची. एकाच अक्षरानं सुरू होणारे दोन शब्द जोडून कायदा बोलायचा, म्हणजे तो कानाला लागतो आणि लक्षात राहतो, ही जुन्या इंग्रजांची आवडती रीत होती. (जाता जाता: इंग्रजीतला 'लॉ' हा शब्द ना इंग्रजांचा ना नॉर्मनांचा, तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला.)

थोडक्यात, शब्द जोडून बोलायची सवय आधीपासून होतीच. नॉर्मन विजयानं तिला दुप्पट माल पुरवला, आणि वकिलांच्या सावधपणानं ती पक्की केली. फ्रेंच 'चॅटल' आणि इंग्रजी 'गुड्स' यांत किंचितही फरक निघाला तर अशिलाचं नुकसान नको, म्हणून दोन्ही लिहा. पूर्वीच्या दस्तात होता म्हणून याही दस्तात ठेवा. 'विल' जमिनीचं आणि 'टेस्टामेंट' जंगम मालाचं, असा भेद वकिलांत परंपरेनं सांगितला जातो. त्यामागे धागा आहे: जंगम मालाच्या वारशाचे तंटे चर्चच्या न्यायालयांकडे जात, आणि जमीन मृत्युपत्रानं देण्याची कायदेशीर मुभा १५४० मध्ये मिळाली. पण प्रत्यक्ष कागदांत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले आढळतात.

मराठी माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये, कारण आपण नेमकं हेच केलं आहे. 'कागदपत्र' मध्ये कागद फारसीकडचा, पत्र संस्कृत. 'धनदौलत', 'रीतिरिवाज', तेच. 'वालीवारस' मधले दोन्ही शब्द अरबी, अगदी 'नल अँड व्हॉइड'सारखे. 'धनधान्य' दोन्ही संस्कृत. 'वालीवारस' मराठीत आला तेव्हा तो अरबांना समजावा म्हणून आला नव्हता. जोडीत वजन आहे म्हणून टिकला. पेशवाईतल्या इनामाच्या सनदा बघा: 'कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी', आणि लगेच पुढे 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप'. पहिला तुकडा फारसी वळणाचा (सगळे कर आणि हक्क, आताचे आणि पुढचे), दुसरा शुद्ध संस्कृत. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेव. काही म्हणता काही सुटू नये. आजही काही खरेदीखतांत हा दुसरा तुकडा भेटतो, आणि भेटला की मी थांबून मोठ्यानं वाचतो.

'चॅटल' बद्दल आणखी थोडं, कारण त्यात नॉर्मन आणि पॅरिसची फ्रेंच अशा दोन्ही पायऱ्या दिसतात. लॅटिन 'कॅपिटाले' म्हणजे मुख्य ऐवज. नॉर्मन बोलीत त्याचा आरंभीचा 'क' टिकला: 'कॅटल'. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्या 'क'चा 'च' झाला: 'चॅटल'. इंग्रजीनं दोन्ही घेतले. एक गुरांना लागला, कारण गुरं हीच मालमत्ता. दुसरा वकिलांकडे राहिला. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनवरून 'कॅपिटल' आणला तो तिसरा. नॉर्मन बोलीत 'व' असे तिथे पॅरिसकडे 'ग' असे. म्हणून वसतिगृहाचा 'वॉर्डन' आणि शाळेच्या अर्जातला 'गार्डियन' हे मुळात एकच. मिक्सर घेताना आपण दुकानदाराला विचारतो, 'गॅरंटी आहे की वॉरंटी?' व्यवहारात त्यांत फरक आहे, पण कूळ एकच. 'मॉर्गेज' मधला 'गेज' म्हणजे तारण, आणि पगाराचा 'वेज' हाही त्याचाच नॉर्मन भाऊ. 'मॉर्ट' म्हणजे मेलेलं. पंधराव्या शतकातल्या लिटलटन या न्यायाधीशानं आपल्या फ्रेंच ग्रंथात खुलासा दिला आहे: पैसे फेडले नाहीत तर जमीन देणेकऱ्याला मेली, फेडले तर तारण सावकाराला मेलं.

आता भाषांतराचं. 'गुड्स अँड चॅटल्स' साठी 'जंगम मालमत्ता' किंवा 'चीजवस्तू' पुरेसं आहे. 'गिव्ह, डिव्हाइज अँड बिक्वीद' साठी 'मृत्युपत्राद्वारे देत आहे' लिहा. तीन क्रियापदं शोधायला जाऊ नका. मथळ्याला 'मृत्युपत्र' चालेल, पण मला 'इच्छापत्र' जास्त बरोबर वाटतं, कारण 'विल' म्हणजे इच्छाच. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदासुद्धा व्याख्या देतो ती फक्त 'विल'ची. 'टेस्टामेंट' हा शब्द वेगळा भाषांतरित करायची गरज नाही. त्यातली साक्ष कागदाच्या तळाशी आहेच, दोन साक्षीदारांच्या सह्यांत. त्या सह्यांखालची नावं मात्र नीट उतरवून घ्या, आणि तारीखही. 'लास्ट' हा शब्द मथळ्यात सवयीनं येतो. आजोबांनी नंतर दुसरं मृत्युपत्र केलं असेल, तर मथळा काहीही म्हणो, चालेल ते दुसरंच.