डीबीए मॅडमचं 'होल्ड'

"आमच्या डीबीए मॅडम प्रत्येक बदल अडवतात. त्यांना नाही म्हणायलाच बसवलंय." डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएबद्दल डेव्हलपर मंडळींची ही हमखास तक्रार. एक बॅकएंड डेव्हलपर तर तिकिटाचा (बदलाच्या मागणीच्या नोंदीचा) स्क्रीनशॉट घेऊनच आले: डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा, नऊ दिवस झाले, उत्तर एकच, 'होल्ड'.

मॅडमची बाजू वेगळी भेटून ऐकली. मागच्या रिलीजला असाच 'छोटासा' बदल भर दुपारी चालवला गेला, साइट अकरा मिनिटं ठप्प. फोन कोणाला आले? त्यांनाच.

दोघंही स्वभावाला दोष देत होते. गाठ होती लॉकमध्ये, म्हणजे एकाचं काम चालू असताना डेटाबेस इतरांसाठी टेबलाला लावतो त्या कुलुपात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कॉलम वाढवणं क्षणाचं काम. आवृत्ती 11 पासून ठरावीक डीफॉल्ट दिला तरी टेबल नव्याने लिहिलं जात नाही. लॅपटॉपवर ते चुटकीसरशी होतं, म्हणून डेव्हलपरला वाटतं, यात काय आहे? पण ऑल्टर टेबल या कॉलम वाढवणाऱ्या कमांडला क्षणभर का होईना, टेबल एकट्याला लागतं. तेव्हा त्याच टेबलावर कोणाचा अर्ध्या तासाचा रिपोर्ट चालू असला की ऑल्टर थांबतो, आणि मागून आलेले डेटा नुसता वाचणारे साधे सिलेक्टसुद्धा त्याच्यामागे रांग लावतात. ॲपच्या डेटाबेसकडच्या ठरावीक जोडण्या (कनेक्शन पूल) संपतात, ॲप बसतं. रिपोर्टवाल्याला पत्ताही नसतो.

मग दोघांना एका टेबलाशी बसवलं. नुसतं 'होल्ड' लिहायचं नाही, काय कमी आहे ते लिहायचं. तिकिटात नेमका एसक्यूएल, टेबलातल्या ओळींची संख्या, बदल मागे घेण्याची स्क्रिप्ट आणि जुना कोड नव्या स्कीमावर (टेबलांच्या रचनेवर) चालतो का, एवढं हवंच. स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉक टाइमआउट 3 सेकंद: लॉक मिळालं नाही तर माघार, मिनिटाभराने पुन्हा. जुन्या ओळी भरायच्या त्या 5,000 च्या तुकड्यांत, दर तुकड्याला कमिट (बदल पक्का). इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, चालू टेबलावर कन्करंटलीच, लिहिणं न थांबवता. ते ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही, अशा गटात) चालत नाही, आणि स्कीमाचे बदल चालवणारी बरीच मायग्रेशन टूल्स सगळंच ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात. तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागतं. मध्येच फसलं तर अवैध इंडेक्स मागे उरतो. तो आधी काढायचा, मग पुन्हा.

बदल्यात मॅडमनी काय द्यायचं? रेप्लिकावर (डेटाबेसच्या प्रतीवर) वाचण्यापुरता प्रवेश आणि दर सोमवारी सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या दहा क्वेरींची यादी. पहिल्याच यादीत कोडमधून आपोआप क्वेरी बनवणाऱ्या ओआरएमचा प्रताप निघाला: 50 ऑर्डर दाखवणाऱ्या एका पानासाठी 51 क्वेरी. डेव्हलपरनी अशी यादी कधी पाहिलीच नव्हती.

कॉलम पुढच्या मंगळवारी सकाळी टेबलात जोडला गेला. लॉक टाइमआउट दोनदा लागला, तिसऱ्यांदा जमलं. रिपोर्ट रेप्लिकावर हलवलाय. ओआरएमवरून मात्र दोघांचे खटके अजून उडतात.