कंबर दुखते, खुर्ची कोणती घेऊ?

प्रश्न: ताई, 2 वर्षं झाली कंबर दुखायची थांबत नाही, घरूनच काम करते, दिवसभर लॅपटॉपसमोर. महागातली खुर्ची घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: किंमत बघून नको गं, बसून बघून घे. तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत, तुझी उंची कमी असली की पाय लोंबतात आणि मांडीखाली दाब येतो, मग सरळ पायाखाली पाट घे. मागे टेकून बसलीस की सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात 2-3 बोटं गेली पाहिजेत, हे नक्की तपास. कंबरेचा आधार वर-खाली होणारा हवा. दुकानात चांगली 15-20 मिनिटं बस, अजिबात लाजू नकोस. आणि खुर्ची कितीही भारी असू दे, अर्ध्या तासाने उठायचंच. पायात मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टर गाठ, खुर्चीचं नंतर बघू.